अडीच सेकंद

"सॉरी, डार्ला. बोल तू आधी."

गुरुवारी सकाळी सव्वादहाला हे वाक्य मी नेहमीच्या सवयीने टाइप केलं, त्याच्यापुढे 'निरर्थक' असा शिक्का मारला आणि पुढच्या रेकॉर्डिंगवर गेले. पुढचं रेकॉर्डिंग एका कुत्र्याचं होतं. कुत्रा दोनदा भुंकला, त्यालाही 'निरर्थक'. त्याच्या पुढे एक बाई आमच्या फोनवर उत्तरं देणाऱ्या यंत्राला अशी एक शिवी देत होती, जी मी गेल्या सव्वीस वर्षांत फार तर चार-पाचदा ऐकली असेल. ती मी नीट उतरवून घेतली, कारण आमच्याकडे शिव्यांसाठी वेगळा रकाना आहे. आणि मग हात थांबले. डार्ला माझं नाव आहे. इथे नेब्रास्कात, ओमाहात, डार्ला नावाच्या बाया पैशाला पासरी मिळतील, त्याचं नवल नाही. पण हे नाव यंत्राने कधी कुणाला सांगितलेलं नव्हतं. आणि तो आवाज, घोगरा, अर्धा घशातच राहिलेला, प्रत्येक शब्दाआधी परवानगी मागणारा, माझ्या ओळखीचा होता. मी दोन रेकॉर्डिंगं मागे गेले आणि पुन्हा ऐकलं. माझा बाप यंत्राची माफी मागत होता.

हे काम काय असतं ते सांगायला हवं, सांगितल्याशिवाय कुणाला खरं वाटत नाही. ओमाहात निम्मं शहर फोनवर बोलून पोट भरतं आणि उरलेलं निम्मं त्या बोलणाऱ्यांना घरी बसवून त्यांच्या जागी यंत्र ठेवून. मी दुसऱ्या निम्म्यातली. यंत्राने काय बोलावं ते मी लिहिते, किती वेळ ऐकावं ते ठरवते, आणि दर महिन्याला लोकांनी काय उत्तरं दिली ती कानात घालून बसते. अख्खं संभाषण नसतं. समोरचा बोलला असं यंत्राला जिथे वाटतं तिथपासून तो गप्प होईपर्यंतचा तुकडा. एक सेकंद, दोन सेकंद. दिवसाला हजारभर. माणूस या प्राण्याबद्दल ज्याला थोडाफार आदर उरला असेल त्याने आठवडाभर माझ्या खुर्चीत येऊन बसावं. लोक संडासात बसून औषधं मागवतात. तोंडात घास असतो, मागे टीव्हीवर कुणीतरी कढया विकत असतो, पोरांवर खेकसणं चालू असतं, आणि मधूनच यंत्राला 'हो' म्हणतात, तेही असं की जणू नावावरची जमीन लिहून देतायत. एक गृहस्थ दर महिन्याला यंत्राला विचारतो, तू आज काय घातलंयस. 'माणूस द्या, मला माणूस हवाय' म्हणून बोंबलतात, आणि माणूस दिला की त्याच्यावर असे तुटून पडतात की तो सहा महिन्यांत नोकरी सोडून जातो. मग तिथे आम्ही यंत्र बसवतो.

आणि शेवटपर्यंत कुणी ऐकत नाही. पूर्वी यंत्र आपलं बोलणं पुरं करायचं आणि लोक शाळेच्या प्रार्थनेला उभं राहिल्यासारखे मुकाट ऐकायचे. मग यंत्राला मध्येच तोडायची सोय आली. तुम्ही तोंड उघडलंत की रेकॉर्डिंग गप्प. नवऱ्याला, सासूला, साहेबाला जे करता येत नाही ते इथे बिनधास्त करता येतं, त्यामुळे लोकांना ती फार आवडली. आमच्या कंपनीत ही सोय सगळीकडे लावा म्हणून पहिल्यांदा भांडले ती मी. भर मीटिंगमध्ये म्हटलं होतं, वाट कोणी बघत नाही. ज्याला काय हवं ते माहीत असतं तो मध्येच तोडतो, आणि जो शेवटपर्यंत ऐकत बसतो त्याला काय हवंय हेच माहीत नसतं, त्याच्यासाठी थांबून उपयोग काय. किप लिंडक्विस्ट तेव्हा माझ्या हाताखाली होता, आता मी त्याच्या हाताखाली आहे. त्याने त्यातलं पहिलं वाक्य छापून कॉफीच्या यंत्रावर चिकटवलं. ते अजून तिथेच आहे, वर कुणीतरी दुधाचा थेंब उडवलाय. याच तत्त्वावर मी रेकॉर्डिंग संपल्यानंतरची थांब कापली. इतर कंपन्या पाच-सहा सेकंद थांबतात. माझी यंत्रं अडीच सेकंद थांबतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. त्याबद्दल मला एक पारदर्शक ठोकळा मिळाला, नाव कोरलेला. तो मी दाराला अडसर म्हणून वापरते.

डॅडने ज्या यंत्राला सॉरी म्हटलं ते आसपासच्या दहा जिल्ह्यांतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना दवाखान्यात नेणाऱ्या-आणणाऱ्या गाड्यांचं. आदल्या दिवशी चारच्या आत फोन करून गाडी सांगायची. ती लाइन बांधताना, चाचणीपुरतं म्हणून, सगळी वाक्यं मी माझ्याच आवाजात भरली होती. झाडू ठेवायच्या खोलीत, सर्दी झालेली असताना, एका दुपारी. खरी आवाजवाली बाई नंतर मिनियापोलिसहून येणार होती. पण ते गाडीवाले म्हणाले, राहू दे की हीच, आपल्यातली वाटते. राहिली. गेली दोन वर्षं दहा जिल्ह्यांतल्या आजारी लोकांना माझी घाई ऐकून घ्यावी लागते.

आणि डॅड त्या लोकांतला. एमिल व्होंद्रा, वय चौऱ्याऐंशी, मुक्काम विल्बर, माझ्या ऑफिसपासून सव्वा तासावर. अडतीस वर्षं धान्याच्या कोठाराच्या वजनकाट्यावर बसला. मागच्या वर्षी मूत्रपिंडं गेली. सोमवार, बुधवार, शुक्रवार लिंकनला डायलिसिस. दोन्ही डोळ्यांनी मधलं काही दिसत नाही, फक्त कडेकडेचं दिसतं, म्हणून गेल्या महिन्यात मी त्याला लायसन परत करायला लावलं. एक खेप चुकली तर पाय सुजतात, लागोपाठ दोन चुकल्या तर दम लागतो, आणि तीन चुकल्या तर काय, ते तिथली नर्स सांगत नाही, बोटांवर मोजताना तिसऱ्या बोटापाशी थांबते. लायसन गेलं त्या दिवशी मीच त्याला म्हटलं होतं, डॅड, कशाला काळजी करतोस, एक फोन केला की गाडी दारात. मीच बनवलंय ते. केवढ्या ऐटीत म्हटलं होतं.

मी त्याचा अख्खा फोन शोधून काढला. तसं करायला नको असतं, पण सव्वीस वर्षांनी सगळ्या कपाटांच्या किल्ल्या आपल्याकडेच असतात.

"नमस्कार," माझा नाक चोंदलेला आवाज म्हणाला, "गाडी ठरवायची असेल तर 'गाडी' म्हणा. ठरवलेली गाडी नको असेल तर 'रद्द' म्हणा. गाडी किती वाजता येणार ते हवं असेल तर 'वेळ' म्हणा." मग शांतता. शांततेत एक बारीक टक् असा आवाज. मग श्वास घेतल्याचा आवाज. आणि तेवढ्यात परत मी: "माफ करा, मला काही ऐकू—" आणि त्याच क्षणी तो: "गाडी."

दोघं एकमेकांवर आपटलो. मी, म्हणजे यंत्र, गप्प झाले, कारण समोरचा बोलला की गप्प बसायचं हे मीच त्याला शिकवलेलं. पण त्याचा शब्द यंत्राला कळला नाही, कारण रेकॉर्डिंग सुरू होतानाचा पहिला अर्धा सेकंद यंत्राचे कान बंद ठेवलेले असतात. नाहीतर ते स्वतःचाच आवाज ऐकून स्वतःलाच थांबवतं. शब्दाचं शेपूट तेवढं आत आलं. आणि डॅडला वाटलं, आपण मध्ये बोललो, पोर बोलता बोलता थांबली. "सॉरी, डार्ला," तो म्हणाला. "बोल तू आधी."

"माफ करा, मला समजलं नाही. गाडी ठरवायची असेल तर..." पुन्हा सगळं. पुन्हा टक्. पुन्हा श्वास. पुन्हा टक्कर. "अगं, बोल ना तू. मला घाई नाही." तिसऱ्या वेळी यंत्र म्हणालं, "आपल्याला अडचण येते आहे असं दिसतं. कृपया थोड्या वेळाने फोन करा. धन्यवाद." त्यावर तो "बरं. थँक यू," म्हणाला, आणि फोन आमच्या बाजूने तुटला. दोन नेब्रास्कावाले एका दाराशी समोरासमोर आले की 'तुम्ही आधी, नाही नाही, तुम्ही आधी' करत दोघंही बाहेरच राहतात, त्यातला प्रकार. फरक एवढाच की त्यातल्या एकाला आत जायचंच नव्हतं.

आधी मला त्याचाच राग आला, खोटं कशाला सांगू. म्हटलं, हे ध्यान असंच. जन्मभर असंच. ती टक् कसली ते मला पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच कळलं होतं. बोलायच्या आधी डॅड हातातली वस्तू खाली ठेवतो. जेवताना काटा असेल तर काटा, पेला असेल तर पेला, काही नसेल तर चष्मा काढून टेबलावर ठेवतो. मग श्वास घेतो. मग बोलतो. आमच्या घरी त्या पद्धतीला काडीची किंमत नव्हती. माझी आई व्लास्ता घास गिळता गिळता बोलायची, मी तिच्या वाक्याच्या मध्येच माझं सुरू करायचे, ती माझं तोडायची, रविवारी डुकराचं मटण, डंपलिंग आणि आंबट कोबी संपेपर्यंत आम्हा दोघींचे विल्बरमधल्या निम्म्या घरांचे पंचनामे करून झालेले असायचे. मध्येच कधीतरी डॅड काटा खाली ठेवायचा. आम्ही बघायचो, आणि बोलत राहायचो. तो श्वास घ्यायचा तोवर विषय दोन गल्ल्या पुढे गेलेला असायचा. मग तो काटा पुन्हा उचलायचा आणि जेवायचा. वरातीमागून घोडं, असं आई तोंडावर म्हणायची त्याला. तो हसायचा. त्या हसण्याचा मला संताप यायचा. कोठारात मॅनेजरची जागा रिकामी झाली तेव्हा संचालकांनी विचारलं होतं, एमिल, तुझं काय म्हणणं. आणि एमिलने टोपी काढून टेबलावर ठेवली, आणि तेवढ्यात स्टॅन्ली क्रेचेक बोलायला लागला आणि मॅनेजर होऊनच थांबला. बोलणाऱ्याची माती विकली जाते, न बोलणाऱ्याचं सोनं पडून राहतं. डॅडने पुढची एकोणीस वर्षं त्याच स्टॅन्लीचे ट्रक वजन केले. लोक याला सज्जनपणा म्हणतात. मी भित्रेपणा म्हणायचे. सतराव्या वर्षी मी ते घर सोडलं ते याच तिरस्कारावर, आणि ओमाहात येऊन नाव कमावलं ते वाट न बघणाऱ्या लोकांसाठी यंत्रं बांधून. आता कानात हेडसेट घालून बसल्यावर दिसत होतं की हे सगळं बांधकाम मी एकाच माणसाच्या विरोधात केलं होतं, आणि तो नेमका त्याखाली सापडला होता. आपलेच दात, आपलेच ओठ.

तीन आठवड्यांत अकरा फोन. मी एकेक ऐकला. चार वेळा त्याला गाडी मिळाली होती, तीही कशी, तर तो खोकला म्हणून. खोकल्याने माझं रेकॉर्डिंग मध्येच तुटलं, यंत्र गप्प बसलं, आणि त्या शांततेत त्याला चष्मा ठेवून 'गाडी' म्हणायला सवड मिळाली. बाकी सात वेळा 'थोड्या वेळाने फोन करा'. तीन आठवड्यांत नऊ खेपा. चार गाड्या. उरलेल्या पाच खेपांना हा माणूस गेला कसा? की गेलाच नाही? दर रविवारी संध्याकाळी आम्ही फोनवर बोलतो. म्हणजे मी बोलते. मागच्या रविवारी तो म्हणाला होता, "डार्ला, परवा तुझा आवाज—" आणि मी म्हटलं होतं, "हो डॅड, दर रविवारी ऐकतोसच की," आणि पुढे माझ्या शेजारणीच्या गॅरेजचं सांगत बसले. त्याच्या आदल्या रविवारी त्याने "मला जरा तुला" एवढंच म्हटलं होतं. ते मला आत्ता, ऑफिसात, शब्दन् शब्द आठवलं. माझा कान चांगला आहे. त्याच्यावरच पोट चालतं माझं.

आणि मग ते आठवलं जे मी आठवायचं टाळते. आई गेली तेव्हा, चर्चच्या तळघरात, दफन झाल्यावरच्या जेवणाला. लांब टेबलं, कोलाचे म्हणजे खसखस भरलेले गोड पाव, कागदी कपात कॉफी. फादर म्हणाले, एमिल, दोन शब्द बोलतोस? डॅड उभा राहिला. कप खाली ठेवला. रुमाल घडी करून कपाशेजारी ठेवला. चष्मा काढला, तोही ठेवला. शंभर माणसं बघत होती. श्वास घेतला. आणि मी उठले. "डॅडला जमायचं नाही," असं म्हटलं मी, मोठ्याने, प्रेमाने वगैरे, आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं. अकरा मिनिटं बोलले. बायका रडल्या. स्टॅन्ली क्रेचेक म्हणाला, काय बोललीस गं पोरी. डॅडने चष्मा परत घातला आणि कोलाचा उचलला. त्याला काय बोलायचं होतं ते नऊ वर्षांत मी एकदाही विचारलं नाही. मला वाटायचं काही नव्हतंच. पन्नास वर्षं गप्प राहिलेल्या माणसाकडे बोलायला असतंय काय.

मी किपकडे गेले. त्याच्या केबिनला दार नाही, सगळ्यांना सहज आत येता यावं म्हणून. त्यामुळे तो सारखा दुसरीकडे कुठेतरी बसलेला असतो. आज सापडला.

"गाड्यांच्या लाइनवर शेवटची थांब अडीचची आहे," मी म्हटलं. "ती सहाची करायची आहे. आज."

"आज गुरुवार आहे, डार्ला. बदल मंगळवारी होतात. आणि सहा म्हणजे—"

"सहा म्हणजे सहा."

"मला वाक्य तर पुरं करू दे, बाई. सहा म्हणजे प्रत्येक फोन किती लांबेल? तुझंच आहे ना ते?" त्याने कॉफीच्या यंत्राच्या दिशेने हनुवटी हलवली. "वाट कोणी बघत नाही."

"काही लोक बघतात."

"किती?"

"एक सापडलाय."

किप हसला. त्याचे दात फार सारखे आहेत. "एका म्हाताऱ्यासाठी दहा जिल्ह्यांची लाइन बदलायची? त्याला सांग, आजोबा, ती बाई बोलत असली तरी खुशाल मध्ये तोंड घाला. तीच तर सोय दिलीय आपण. रागावणार नाही ती."

"ती बाई मी आहे."

"मग तर सोन्याहून पिवळं. तुला मध्येच तोडायची संधी आम्हाला तरी कुठे मिळते?"

तो चेष्टेत म्हणाला. शेजारच्या टेबलावरची दोघं खाली मान घालून हसली, आणि त्यांच्या हसण्यात जुनी ओळख होती, हा विनोद त्यांच्यात पूर्वीही झालेला होता. मी जागेवर आले आणि मंगळवारची वाट न बघता अडीच खोडून सहा केले. मिनिटभराचं काम. मग डॅडच्या नावाने शुक्रवारची गाडी टाकली. यंत्राचं जे काय चुकलं होतं ते दुपारी बाराच्या आत दुरुस्त झालं होतं, आणि तरी मला बरं वाटत नव्हतं. कोट घेतला आणि पार्किंगमध्ये जाऊन गाडीत बसले. फेब्रुवारीतलं स्वच्छ ऊन, काचेवर, बर्फासाठी रस्त्यावर टाकतात त्या मिठाचा पांढरा थर. किल्ली हातातच होती. फोन लावला. सहाव्या घंटेला त्याने उचलला. तो नेहमी सहाव्या घंटेला उचलतो, आधीच्या पाच घंटा माणसाचा विचार बदलला तर म्हणून सोडतो.

"हॅलो."

"डॅड, मी. हे बघ, उद्याची गाडी मी ठरवली आहे, पावणेसहाला येईल, तू आता त्या नंबरला फोन करत बसू नकोस, मी सगळं ऐकलंय, तुझी काही चूक नव्हती, यंत्रातच घोटाळा होता, तो मी काढलाय. पण आधी मला सांग, मधल्या खेपांना तू गेलास कसा? स्वतःच पिकअप काढलीस ना? काढलीसच. अरे, तुला समोरचं दिसत नाही, त्या खडीच्या रस्त्यावर पहाटे हरणं असतात, कुणाला धडकला असतास म्हणजे? आणि किती खेपा चुकल्या? पाय सुजलेत का? बोटाने दाबून बघ, खड्डा राहतो का बघ. मी शनिवारी येते, नाहीतर आत्ताच निघते, नाहीतर असं कर, सरळ माझ्याकडे राहायला ये, इथे दवाखाना दहा मिनिटांवर आहे, मागची खोली रिकामीच आहे, तुझी खुर्ची पण बसेल, नाहीतर—"

नाहीतर, नाहीतर, नाहीतर. हे माझ्या कानावर पडलं. सकाळपासून ज्याच्यावर थुंकत होते तोच आवाज, तीच घाई. गाडी हवी असेल तर हे म्हणा, नको असेल तर ते म्हणा. मी तोंड मिटलं.

फोनच्या पडद्यावर सेकंद सरकत होते. एक, दोन. अडीचला माझ्या घशात 'डॅड? ऐकतोयस ना?' आलं, ते मी दात आवळून मागे ढकललं. चार. त्याच्या स्वयंपाकघरातल्या फ्रिजची घरघर ऐकू येत होती. पाच, सहा. तासाभरापूर्वी मी सुधारलेलं यंत्रसुद्धा इथे बोलायला लागलं असतं. सात. इतका वेळ मी कुणाही माणसासाठी कधी थांबले नव्हते, नवऱ्यासाठीही नाही, म्हणून तर तो गेला. आठ. मग टक्. चष्मा टेबलावर ठेवला गेला. श्वास.

"झालं का तुझं बोलून?" डॅडने विचारलं.

आईच्या तोंडी हा टोमणा असायचा, दिवसातून दहादा. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. त्याला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

"झालं," मी म्हटलं.

पुन्हा तेवढाच वेळ गेला. "डायलिसिसला जायचं मी बंद करणार आहे, डार्ला," तो म्हणाला. "तीन रविवार सांगीन म्हणतोय."

माझं तोंड उघडलं. आत सगळं तयार होतं, एकाहून एक धारदार: वेडा आहेस का, डॉक्टरांशी मी बोलते, आईला काय वाटलं असतं, आणि माझं काय. हजार माणसांचे आवाज रोज ऐकून मला पक्कं ठाऊक झालेलं आहे की माणूस नेमका कुठे श्वास घेतो आणि तिथे शिरून त्याला कसं थांबवता येतं. डॅडने श्वास घेतला. मी तळहात तोंडावर दाबून धरला.

"गाडीचं काही नाही त्यात," तो म्हणाला. "गाडी नव्हती तेव्हा तीनदा पिकअप घेऊन गेलो. ते चुकलंच माझं. दोनदा नाही गेलो. घरीच बसलो खिडकीपाशी. कोठारावर ट्रक येत होते. बरं वाटलं." फ्रिजची घरघर थांबून पुन्हा सुरू झाली. "डॉक्टरला सांगितलंय. तो म्हणाला, आठवडा, फार तर दोन. झोप येत राहते म्हणाला. म्हणाला, मुलीला सांगा." इथे तो इतका वेळ थांबला की कुणालाही वाटलं असतं, संपलं. मी हलले नाही. "तुझा फोन लावायचो ना गाडीसाठी, तेव्हा वाटायचं, हिलाच सांगून टाकावं. पण ते यंत्र होतं. मला कळत होतं ते यंत्र आहे. तरी तू बोलताना मध्ये बोलवेना." पुन्हा थांबला. "तुझ्या आईच्या वेळी मला दोन शब्द बोलायचे होते. ते राहिले. या वेळी म्हटलं, आपलं आपणच सांगावं. आधीच."

बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिची पी-पी काचेतून आत येत होती. पलीकडे तो श्वास घेत होता, सोडत होता. माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच मला कळत नव्हतं की समोरच्याचं संपलंय की नाही, आणि ते कळेपर्यंत थांबण्याखेरीज दुसरा उपाय नव्हता.

"माझं झालं," डॅड म्हणाला. "बोल तू आता."

हातातली किल्ली मी डॅशबोर्डवर ठेवली. ठेवल्याचा आवाज झाला. पलीकडे तो वाट बघत होता.